न हलणारा प्रतिस्पर्धी

कुस्तीत समोरचा पैलवान हलतो, चुकतो, दमतो. मल्लखांब यातलं काहीच करत नाही. त्यामुळे लागणारं सगळं बळ खेळाडूने स्वतःच्या अंगातून काढायचं आणि चूक झाली तर तीही त्याचीच. शरीराच्या हालचालीमागची यांत्रिकी शिकायला हा लाकडाचा खांब प्रयोगशाळेतल्या महागड्या कॅमेऱ्यांइतकाच उपयोगी आहे, असं माझं मत.

आम्हा नागपूरच्या मनीषनगरकरांना त्यासाठी दीडेकशे किलोमीटरवर अमरावती आहे. वैद्य बंधूंचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथे १९१४ पासून उभं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. खेळ अर्थात फार जुना. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये त्याचा उल्लेख येतो, आणि पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभारी दिली. त्यांना वानरांकडून डाव सुचल्याची आख्यायिका सांगतात. मला खांबच जास्त रंजक वाटतो.

खांब सागवानी किंवा शिसवी, जमिनीवर साधारण साडेआठ फूट. बुंधा जाड, वर निमुळता, मग मान आणि टोकाला बोंड. त्याला एरंडेल चोळतात. त्याने कातडी सोलवटत नाही, आणि तेल दाट असल्यामुळे अंग एकदम सटकतही नाही. पण २० अंशांवरचा त्याचा दाटपणा ४० अंशांवर जेमतेम पाव उरतो. विदर्भातल्या मे महिन्यात याचा विचार करावा.

आता ४० किलोचा मुलगा खांबाला हात आणि पाय लावून आडवा झाला असं धरा. त्याचा गुरुत्वमध्य खांबापासून अर्धा मीटर दूर आणि दोन आधारांत ४० सेंटीमीटर उभं अंतर. हिशोब केला तर एका आधाराने सुमारे ५० किलोइतक्या जोराने ओढायचं आणि दुसऱ्याने तितकंच रेटायचं, म्हणजे स्वतःच्या वजनाहून जास्त! स्नायूंवरचा ताण त्याच्याही कित्येक पट, कारण ते सांध्याच्या अगदी जवळ हाडाला जोडलेले असतात. ही गोष्ट इटलीच्या बोरेल्लीने सतराव्या शतकातच मांडली होती.

मल्लखांब दोरीचाही असतो, पण त्या दोरीला गाठ मारायची नसते. तिथे काम करतो वेढा. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्यानंतर साडेसहापट ओढ तोलली जाते, दोन वेढ्यांनंतर सुमारे ४३ पट. वाढ बेरजेने होत नाही, गुणाकाराने होते. पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यातली दोरी अख्खं शरीर पेलते, त्यामागे हेच गणित आहे.

बळाच्या गणिताची आणखी एक बाजू पालकांनी आणि वस्तादांनी ध्यानात घ्यायला हवी. वयात येताना मुलाची उंची दहा टक्क्यांनी वाढली आणि अंगाचं प्रमाण तेच राहिलं, तर वजन सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतं, स्नायूंचा छेद, म्हणजेच त्यांचं बळ, मात्र २१ टक्क्यांनीच. गेल्या वर्षी हसत केलेला डाव यंदा अडतो. अशा वेळी ‘आळशी झालास’ म्हणून पोराला झापण्याऐवजी काही महिने त्याला अढीसारख्या साध्या डावावर परत न्यावं.