क्रूझर घ्यायची आहे? आधी कंबर आणि काच बघा, रंग आणि आवाज नंतर

निर्मळ (ता. वसई) : आपल्या निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, नाळे, राजोडी या पट्ट्यात आता बाईक नाही असं घर शोधावं लागतं. त्यात गेल्या काही वर्षांत क्रूझरची हौस वाढली आहे. क्रूझर म्हणजे लांब, बुटकी, पाय पुढे टाकून आरामात बसायची गाडी. तरुण पोरं ऐटीसाठी घेतात. चाळिशी ओलांडलेले लोक कंबर दुखते म्हणून साधी गाडी विकून क्रूझर घेतात. आणि सहा महिन्यांनी बऱ्याच जणांची तक्रार एकच असते, गाडी भारी आहे पण कंबर धरते, मान अवघडते, हायवेला वारा छातीवर बसतो.

मग गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात. कुणी म्हणतं हँडल बदल, कुणी म्हणतं मोठी काच लाव, कुणी म्हणतं जेलची सीट टाक. पैसे जातात, त्रास तसाच राहतो. म्हणून गाडी निवडताना काय बघायचं, आणि घेतल्यावर आधी काय करायचं, मग काय, हे इथे क्रमाने सांगतो.

क्रूझर आणि आपले रस्ते

आपल्याकडे ही गाडी लोकांना माहीत झाली ती बजाजमुळे. २००१ साली बजाजने कावासाकीसोबत एलिमिनेटर आणली. २००५ साली तिच्या जागी ॲव्हेंजर आली, आधी १८० सीसी, पुढे २०० आणि २२०. नोव्हेंबर २०२० मध्ये रॉयल एनफिल्डची मिटिअर ३५० आली आणि गावागावांत दिसू लागली.

मुळात ही बैठक लांब, सरळ, मोकळ्या रस्त्यांसाठी आहे. साध्या बाईकवर पाय अंगाखाली असतात. खड्डा दिसला की आपण नकळत पायांवर भार देऊन थोडे उठतो, दणका गुडघे झेलतात. क्रूझरवर पाय पुढे असतात. उठता येत नाही. दणका सरळ माकडहाडावर आणि तिथून कमरेत जातो. म्हणजे विरार फाट्यावरून मनोरकडे हायवेने जाताना ही गाडी सुख देते, पण गावातल्या गतिरोधकांवर तीच त्रास देते. तुमचं रोजचं जाणं कुठल्या रस्त्याने आहे, हा पहिला प्रश्न. रोज फक्त वाडी ते नालासोपारा स्टेशन एवढंच असेल, तर साधी बाईक जास्त सोयीची. आठवड्यातून दोन-तीनदा हायवेला पन्नास-साठ किलोमीटर होत असतील, तर क्रूझरचा विचार करा.

शोरूममध्ये काय तपासायचं

वजन आधी बघा. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची. ॲव्हेंजर २२० क्रूझ १६३ किलो, मिटिअर ३५० म्हणजे १९१ किलो, आणि सुपर मिटिअर ६५० तर २४१ किलो. चालताना हे वजन जाणवत नाही. वाडीच्या अरुंद गल्लीतून गाडी मागे ढकलायची वेळ आली, की जाणवतं. शोरूमच्या बाहेर गाडी बंद करून, सीटवर बसून पायांनी दहा पावलं मागे घेऊन बघा. जमलं तर पुढचं बोला.

सीटची उंची ही क्रूझरची मोठी सोय. ॲव्हेंजरची ७३७ मिलिमीटर, मिटिअरची ७६५. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. उंची कमी असलेल्यांना आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना याचा खरा फायदा होतो.

दोन चाकांमधलं अंतर ॲव्हेंजरचं १४९० मिलिमीटर, मिटिअरचं १४००. गाडी जितकी लांब तितकी सरळ रस्त्याला स्थिर, आणि तितकीच वळवायला जागा जास्त लागते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. गुडघ्याला लागतं का, हात पूर्ण ताणावा लागतो का ते कळेल.

टेस्ट राईड एकट्याने घेऊ नका. घरात जे माणूस मागे बसणार आहे, त्यालाच सोबत न्या. गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून काही कळत नाही. गतिरोधक असलेला रस्ता मागा आणि निदान पंधरा मिनिटं बसा.

आधी फुकटातले उपाय

नवीन पार्ट घेण्याआधी गाडीत जे आहे ते आपल्या अंगाला जुळवून घ्या. निम्म्या तक्रारी इथेच कमी होतात.

टायरची हवा : सकाळी टायर थंड असताना भरा. किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं, एकट्याला वेगळी आणि मागे माणूस असेल तर वेगळी. पंपवाला अंदाजाने जास्त भरतो आणि गाडी दगडासारखी उडते.

मागचे शॉकॲब्सॉर्बर : दोन्ही स्प्रिंगच्या बुडाला पाच-सहा खाचा असतात. पान्याने फिरवून स्प्रिंग कडक किंवा नरम करता येते. एकटे फिरत असाल तर नरम, दोघं किंवा सामान असेल तर कडक. दोन्ही बाजूंची खाच सारखीच हवी. सर्व्हिसिंगला गाडी गेली की मेकॅनिकला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

हँडल आणि लिव्हर : क्लॅम्प सैल करून हँडल थोडं मागे-पुढे फिरवता येतं. हात ठेवल्यावर कोपर थोडे वाकलेले आणि मनगट सरळ असलं पाहिजे. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर बोटांच्या रेषेत आणा. मान आणि खांदे दुखणाऱ्यांना यानेच बराच फरक पडतो. काम झालं की क्लॅम्प नीट आवळलाय ना, ते बघूनच निघा.

मग सीट

यानंतरही कंबर दुखत असेल तर सीटकडे वळा. लोक मऊ सीट मागतात, तिथेच चुकतं. मऊ फोम पहिल्या वीस मिनिटांत दबतो आणि मग सगळा भार माकडहाडावर येतो. घट्ट पण रुंद फोम लांबच्या प्रवासाला बरा. बसायची जागा रुंद हवी आणि मागे कमरेला थोडा टेकू मिळेल असा उंचवटा हवा. सीट पुढे उतरती असेल तर ब्रेक मारला की माणूस टाकीवर सरकतो आणि दर वेळी हातावर भार येतो.

सीटवाल्याकडे जाताना मूळ सीट फाडू देऊ नका. जुनी सीट मिळाली तर तिच्यावर काम करून घ्या, कंपनीची घरात राहू द्या. वरच्या कव्हरला उभी शिवण नको, पावसाळ्यात तिथूनच पाणी फोमात जातं. जेलची गादी मे महिन्याच्या उन्हात तापते, हेही लक्षात ठेवा.

हँडल उंच करायला खाली ठोकळे म्हणजे रायझर बसवतात. ते बसवल्यावर ब्रेकचा होज, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची वायर ताणली जाते. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल दोन्ही टोकांना वळवा. इंजिनचा आवाज आपोआप वाढला तर वायर ताणलेली आहे. तशी गाडी रस्त्यावर आणू नका. वळणावर आपोआप रेस झाली तर सावरायला वेळ मिळत नाही.

वारा आणि काच

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० च्या वेगाला जेवढा वारा अंगावर येतो, त्याच्या चौपट ८० ला येतो, दुप्पट नाही. ८० वरून १०० ला गेलात की आणखी दीडपट. साध्या बाईकवर आपण थोडे पुढे झुकतो, वारा अंगाला तोलतो. क्रूझरवर छाती ताठ, हात पसरलेले. अंग शिडासारखं होतं. मग माणूस हँडलला लोंबकळतो आणि तासाभरात खांदे भरून येतात. म्हणून क्रूझरला काच लागते.

काही गाड्यांना ती कंपनीकडूनच येते. ॲव्हेंजर २२० क्रूझला आणि मिटिअरच्या सुपरनोव्हा प्रकाराला काच आणि मागच्याला टेकू दोन्ही मिळतात. हायवेला जाणं जास्त असेल तर सुरुवातीलाच असा प्रकार घेतलेला बरा.

बाहेरून काच बसवणार असाल तर उंची सगळ्यात महत्त्वाची. नेहमीसारखं बसल्यावर काचेची वरची कड साधारण नाकाच्या शेंड्याएवढी हवी. रस्ता काचेवरून दिसला पाहिजे, काचेतून नाही. पावसात काचेवर थेंब साचतात, रात्री समोरच्या ट्रकचा दिवा त्या थेंबांत फुटतो आणि पुढचं काही दिसत नाही. काचेवरून बघत असाल तर हा धोका टळतो. विकत घेण्याआधी जाड पुठ्ठा कापून उभ्या गाडीवर चिकटवा आणि बसून बघा. उंची तिथेच कळेल.

काच लावल्यावर आवाज वाढला, डोकं हलायला लागलं, असं बरेच जण सांगतात. त्याचं कारण असं, की काचेच्या कडेवरून सुटलेला वारा घुसळत येतो आणि नेमका हेल्मेटवर आदळतो. ओळखायची सोपी रीत आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर, बेताच्या वेगात, थोडं खाली वाका. आवाज शांत झाला तर काच बुटकी आहे किंवा फार मागे कललेली आहे. ताठ बसल्यावर शांत झाला तर काच थोडी खाली घ्या. बहुतेक काचांच्या पट्ट्यांना एक-दोन बोटं वर-खाली करायची सोय असते. हेडलाईट आणि काच यांच्यामध्ये थोडी फट राहू द्या. तिथून वारा आत आला की काचेमागे पोकळी होत नाही आणि घुसळण कमी होते.

फार मोठी काच मात्र नको. आपल्याकडची बहुतेक काच पुढच्या फोर्कला किंवा हँडलला बसते, म्हणजे ती हँडलबरोबर वळते. वसई खाडीच्या पुलावर आडवा वारा आला किंवा शेजारून कंटेनर गेला, की वारा काचेला धरतो आणि धक्का थेट हँडलला बसतो. मध्यम काच, वेग आवरता, आणि मोठ्या गाडीपासून अंतर, हे तिन्ही हवं. उन्हाळ्यात काचेमुळे अंगाला वारा लागत नाही. म्हणून दोन-चार नट सोडले की निघेल अशीच काच घ्या.

काच लावली म्हणून हेल्मेटची काच वर करून फिरू नका. संध्याकाळी शेताकडेचे किडे काचेवरूनच डोळ्यात येतात. हेल्मेट आयएसआय मार्कचंच घ्या. १ जून २०२१ पासून त्याशिवायचं विकायलाच बंदी आहे.

समुद्रकाठची निगा

आपण अर्नाळा-कळंबच्या खाऱ्या वाऱ्यात राहतो. काचेचे क्लॅम्प आणि नट स्टेनलेस स्टीलचे नसतील तर एका पावसाळ्यात गंजून बसतात, मग ते सोडवता सोडवता काचच फुटते. पट्ट्याला अधूनमधून साध्या पाण्याने धुवा. काच कधीही पेट्रोल किंवा रॉकेलने पुसू नका, प्लास्टिकला बारीक चिरा जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

मागे बसणारी माणसं आणि टोपल्या

क्रूझरची मागची सीट बहुधा लहान असते. आई, मावशी साडीत एका बाजूला बसणार असतील तर साडीगार्ड, पकडायची दांडी आणि पायठाण हवंच. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे ते बंधनकारकही आहे. शोभा जाते म्हणून साडीगार्ड काढून टाकणं म्हणजे पदर चाकात जाण्याला वाट करून देणं.

फुलं, भाजी, पानं नेणाऱ्यांसाठी : याच नियमात २०२० साली हलक्या डब्याची सोय झाली. लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरपर्यंत. डबा मागच्या सीटच्या जागी ठेवला तर मग मागे माणूस बसवता येत नाही. दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत वजन सारखं ठेवा, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

कायदा कुठे आडवा येतो

काच, सीट, टेकू, पिशव्या अशा सुट्या, काढता येणाऱ्या वस्तूंना सहसा अडचण येत नाही. चेसिस कापणं, इंजिन बदलणं, गाडीची मूळ घडण बदलणं याला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. फटाके फोडणारा सायलेन्सर तर लावूच नका. शंका असेल तर काम करण्याआधी विरारच्या आरटीओत विचारा.

विमा कंपनीलाही बाहेरून बसवलेल्या महागड्या वस्तूंची लेखी माहिती द्या. पॉलिसीत नोंद नसेल तर अपघातानंतर त्यांची भरपाई मिळणं कठीण जातं. मोठा बदल लपवला आणि तो पुढे सापडला, तर सगळा क्लेमच अडकू शकतो. बिलं जपून ठेवा.

थोडक्यात क्रम

१. आपला रोजचा रस्ता बघून गाडी ठरवा.
२. वजन, टाचा आणि हँडल तपासा, मागच्या माणसाला सोबत न्या.
३. हवा, शॉकॲब्सॉर्बर, हँडल जुळवा आणि पंधरा दिवस चालवा.
४. तरीही दुखत असेल तर सीट.
५. हायवेचा वारा लागत असेल तर नाकाएवढी काच.

एका वेळी एकच बदल करा. तिन्ही एकदम केले तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, ते कळत नाही. आणि एवढं सगळं करूनही पायाला मुंग्या येत असतील किंवा कळ कमरेतून खाली उतरत असेल, तर गॅरेज सोडा आणि डॉक्टरकडे जा. ते दुखणं गाडीचं नाही.