मूषकाचें हृदय

सोलापुरांत आतां घरांतील वडील मंडळींच्या हृदयाची ‘एको’ तपासणी नित्याची झाली आहे. नव्या औषधांचा गुण पारखतांना हीच तपासणी प्रयोगशाळेंतील उंदरांचीही करितात. स्वीडनमधील लुंड येथें १९५३ सालीं एडलर व हर्ट्झ यांनीं ध्वनिलहरींच्या साह्यानें मानवी हृदयाची हालचाल प्रथम टिपली. उंदराचें इवलेंसें हृदय मिनिटास ५०० हून अधिक वेळां धडधडतें. तें स्पष्ट दिसावें म्हणून सेकंदास ३० दशलक्ष वा अधिक कंपनांच्या लहरी योजाव्या लागतात. भूल अधिक झाल्यास ठोके मंदावून अनुमान चुकतें. पूर्वीं उपचाराच्या प्रत्येक टप्प्यावर बहुधा निराळे उंदीर मारून हृदय पाहावें लागे. आतां तोच जीव पुनःपुन्हां तपासतां येतो आणि थोड्या प्राण्यांत कार्यभाग साधतो. वडिलांस औषध देतांना त्या मूक जीवांचें ऋण आपण विसरूं नये.