गोष्ट कुणाची, नाव कुणाचे?

घरातला मुलगा किंवा मुलगी जादूची, राक्षसांची, दुसऱ्याच जगाची गोष्ट लिहू लागली की घरातले मोठे माणूस एक प्रश्न हमखास विचारते, ‘हे कुठून उचललेस?’ प्रश्न साधा वाटतो. पण या एका प्रश्नाने कित्येक मुलांनी लेखणी खाली ठेवली आहे. आणि जिथे तो विचारायला हवा होता तिथे न विचारल्यामुळे दुसऱ्याचे श्रम स्वतःच्या नावावर खपवणारेही पुष्कळ झाले आहेत. म्हणून प्रेरणा कशाला म्हणायचे आणि चोरी कशाला, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

विषय सर्वांचा

छत्रपती संभाजीनगरहून (औरंगाबादहून) अजिंठा सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तिथल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल अवदानाचे चित्र आहे. माणसे खाणाऱ्या राक्षसिणींचे बेट, त्यांच्या रूपाला भुललेले व्यापारी आणि संकटातून वाचवणारा अद्भुत घोडा! आजच्या कोणत्याही जादूच्या कादंबरीत शोभावी अशी ही कथा. सहा सुळ्यांच्या छद्दन्त हत्तीचे जातक तर अजिंठ्यात दोनदा रंगवले आहे. एकदा १० क्रमांकाच्या जुन्या लेण्यात आणि त्यानंतर काही शतकांनी १७ क्रमांकाच्या लेण्यात. नंतरच्या चित्रकाराने आधीच्याची चोरी केली, असे कुणी म्हणत नाही. कथा तीच, पण मांडणी ज्याची त्याची.

वेदब्भ जातकात मंत्राने पाडलेल्या रत्नांच्या पावसावरून चोर एकमेकांना मारतात. शेवटी दोघेच उरतात. एक जण भातात विष कालवतो, दुसरा त्याला तलवारीने मारतो आणि तोच भात खाऊन स्वतःही मरतो. धन जागच्या जागी राहते. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एक गोष्ट जवळजवळ अशीच आहे. भारतातून निघालेली कथा देशोदेशीच्या तोंडातून फिरत तिथवर पोहोचली. लोभाने माणूस मरतो हा विषय कुणा एकाच्या मालकीचा नाही.

‘तुंबाड’ची साखळी

आता आपल्याकडचेच अलीकडचे उदाहरण पाहू. २०१८ साली राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट आला. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून घेतलेले. त्यातला शापित म्हातारीचा भाग नारायण धारप यांच्या ‘आजी’ या कथेवरून सुचलेला. आणि धारपांची ‘आजी’? ती स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या १९८४ सालच्या ‘ग्रामा’ या कथेवर बेतलेली. घरात एकटा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली भयंकर आजी, हे बीज किंगचे.

म्हणजे एकाच गोष्टीचे तीन हात झाले. तिघांना एकाच तराजूत तोलता येईल का? ‘तुंबाड’ने म्हातारी घेतली, पण पुढे सोन्याच्या नाण्यांसाठी हस्तर नावाच्या देवाला फसवणारा बाप आणि त्याच वाटेने जाणारा मुलगा, हे सगळे नवे उभे केले. घेतलेले पहिल्या भागात राहिले, पुढचे घर स्वतः बांधले. शिवाय धारपांच्या कथेचे ऋण बर्वे यांनी जाहीरपणे सांगितले आहे.

धारपांचा प्रश्न अधिक अवघड आहे. त्यांचे उपकार विसरता येत नाहीत. ज्यांच्या घरात इंग्रजी पुस्तक कधी आले नाही, अशा हजारो वाचकांना भयकथेची गोडी त्यांनी लावली. त्यांनी मराठी घर, मराठी बोली, मराठी भीती उभी केली. पण कथेचा सांगाडाच दुसऱ्याचा असेल तर वाचकाला ते कळायला हवे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘रूपांतर’ एवढा एक शब्द छापला, तरी लेखकाची उंची कमी होत नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कथा मराठीत आणल्या त्या व्हर्नचे नाव सांगून. म्हणून मुलांचे त्यांच्यावरचे प्रेम उणावले का?

कायदा काय म्हणतो?

‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून चोरला, असा दावा आर. जी. आनंद यांनी केला होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. न्यायालयाने सांगितले की कल्पना, विषय, कथाबीज यांवर कुणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो मांडणीवर. दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे स्पष्ट वाटले, तरच तो गुन्हा. आपल्या देशात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. धारप २००८ साली गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६८ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा आहे.

पण कायद्याची रेघ एक आणि मनाची रेघ दुसरी. पंचशीलातले दुसरे शील आपण रोज म्हणतो. जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही. हे फक्त पैशाअडक्यापुरते आहे का? नाव हीसुद्धा माणसाची कमाई आहे. आपल्या शाहिरांना हे चांगले ठाऊक होते. वामनदादा कर्डक गाण्याच्या शेवटी ‘वामन’ गुंफत, म्हणून ते गाणे गावोगाव गेले तरी कुणाचे ते कळत राहिले. ज्यांनी नाव गुंफले नाही, त्यांची किती गाणी, आणि जात्यावर बसलेल्या आयाबायांच्या किती ओव्या, आज दुसऱ्यांच्या नावावर आहेत, त्याचा हिशेब कोण देणार? ज्यांचे असे हिरावले गेले, त्या समाजाने तरी दुसऱ्याचे नाव पुसू नये. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू असल्याचे जाहीरपणे सांगितले. ऋण सांगितल्याने त्यांचा विचार कुठेही उणा झाला नाही.

घरात काय करावे?

मुलाने उडता घोडा लिहिला तर रागावू नका. घोडा सर्वांचा आहे. त्याला एवढेच विचारा, ‘तुझा घोडा कुठे जातो? त्यावर कोण बसते? का बसते?’ उत्तर त्याचे स्वतःचे असेल तर गोष्ट त्याची. उत्तरही पुस्तकातलेच असेल तर गोष्टीखाली त्या पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव लिहायला शिकवा. शाळेच्या हस्तलिखितातसुद्धा ही सवय लागली पाहिजे.

तरुण लेखकांनी आणखी एक कसोटी लावून पाहावी. मूळ लेखक समोर येऊन बसला, तर आपली गोष्ट त्याला मान वर करून वाचून दाखवता येईल का? येत असेल तर ती प्रेरणा. येत नसेल तर ती गोष्ट अजून आपली झालेली नाही. पुन्हा लिहावी.