जुनी आवृत्ती आपोआप कशी निघते

शाळेच्या संगणकावर एखाद्या आज्ञावलीची नवी आवृत्ती बसविली की जुनी कोठे जाते, असा प्रश्न पुष्कळ शिक्षकांस पडतो. विंडोज प्रणालीत हे काम बहुधा विंडोज इन्स्टॉलर ही यंत्रणा करते. ती १९९९ साली प्रचारात आली. तिच्या प्रत्येक संचास दोन सांकेतिक खुणा असतात. एक त्या उत्पादनाची. ती मोठ्या बदलाबरोबर बदलते. दुसरी कुळाची म्हणावी अशी. ती सर्व आवृत्त्यांत कायम राहते. हजेरीपटावरील क्रमांक दरवर्षी बदलतो, आडनाव मात्र तेच राहते, तसाच हा प्रकार होय. नवा संच प्रथम त्याच कुळातील नोंद शोधतो व आवृत्तीचे अंक ताडून पाहतो. येथे पहिले तीन अंकच विचारात घेतले जातात. केवळ चौथा बदलला असेल तर जुनी सहसा निघत नाही आणि दोघी शेजारी शेजारी नांदू लागतात.

परंतु जुनी केव्हा काढावी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ती आरंभीच काढून टाकली आणि नवी बसविणे मध्येच फसले, तर भर तासाला वर्गाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून जाणते रचनाकार काढणे व बसविणे एकाच व्यवहारात बांधतात. बिघाड झाल्यास जुनी पूर्ववत होते. मात्र एकाच शिक्षकाच्या खात्यापुरती बसविलेली जुनी आवृत्ती, सर्वांसाठी बसविल्या जाणाऱ्या नवीस दिसत नाही. ती त्याच खात्यातून हाताने काढावी लागते.