सेन्सर गेलेला नाही, त्याची जागा चुकली आहे

गणपती आले की माळीवाड्यापासून सावेडीपर्यंत अहिल्यानगरमध्ये कमानी उभ्या राहतात. पाठोपाठ नवरात्रात केडगावची रेणुकामाता आणि पाथर्डीची मोहटादेवी यांची देवस्थानं उजळतात. आणि दरवर्षी तेच ऐकू येतं: "माळा भकभक करतायत, सेन्सर गेला. बदलून टाका." अंधार पडला की माळा आपोआप लावणारा नवा सेन्सर आणतात, त्याच खिळ्याला टांगतात आणि दिवेलागणीला तोही भकभक करतो. मग शिव्या दुकानदाराला.

गैरसमज : दिवे भकभकतात म्हणजे सेन्सर खराब.

बहुतेक वेळा उलट असतं. सेन्सर चोख काम करतोय, म्हणूनच दिवे भकभकतात. त्याच्या आत एलडीआरची छोटी चकती असते. उजेडात तिचा रोध घटतो, अंधारात वाढतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या जीएल 5528 चं डेटाशीट पाहा: 10 लक्स उजेडात रोध दहा-वीस किलोओहम, अंधारात 1 मेगाओहम. एवढंच तिला कळतं. उजेड सूर्याचा की समोरच्या कमानीचा, हे तिला कुठून कळणार? अंधारलं, माळ लागली. माळेचा उजेड चकतीवर पडला, सेन्सरच्या लेखी उजाडलं. माळ विझली की पुन्हा रात्र.

चांगल्या सेन्सरमध्ये दिवे लागण्याची आणि विझण्याची पातळी वेगळी असते, शिवाय काही सेकंदांचा विलंब असतो. पण माळेचा उजेड त्या दोन पातळ्यांमधल्या फरकाहून जास्त असेल, तर विलंबामुळे भकभक फक्त संथ होते.

मग कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन चढतो. सेन्सरवरच्या स्क्रूने दिवे किती अंधारात लागायचे ते ठरतं; त्यामुळे बहुतेकदा भकभक सुरू होण्याची वेळ तेवढी सरकते. आधी परीक्षा करा. अंधार पडल्यावर चकती काळ्या टेपने पूर्ण झाका. दिवे स्थिर राहिले तर सेन्सर ठणठणीत आहे. त्याला माळांच्या मागे किंवा वर न्या, तोंड मोकळ्या आभाळाकडे करा, दिव्यांच्या बाजूने आडोसा द्या. स्क्रूला हात त्यानंतर, तोही संध्याकाळी. भर दुपारी बसवलेली पातळी निरुपयोगी. आणि सेन्सरला हात लावायचा तो मेन स्विच बंद करून, ओल्या मांडवात तर नक्कीच; दिवे पाहायला स्विच नंतर चालू करा.

आणखी काही गैरसमज

*स्क्रू फिरवला की माळेचा उजेड कमी-जास्त होतो.* नाही. तो डिमर नव्हे.

*पौर्णिमेला चांदण्याने दिवे विझतात.* पूर्ण चंद्राचा उजेड फार तर 0.3 लक्स, भर उन्हाचा एक लाखाच्या आसपास. दोष शेजारच्या हॅलोजनचा आहे.

*माळेचा रंग कुठलाही असो, सेन्सरला सारखाच.* डेटाशीटनुसार ही चकती 540 नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या रंगाला, सर्वात संवेदनशील असते. लाल माळेशेजारी निमूट चालणारा सेन्सर हिरव्या माळेशेजारी भकभकू शकतो.

*सेन्सरवर लिहिलेत तितक्या वॅटचे एलईडी बिनधास्त जोडा.* इथे मात्र सेन्सर खरंच मरतो. एलईडीचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतात. सेन्सरमधल्या रिलेचे संपर्कबिंदू चिकटले की कमान भर दुपारीही जळत राहते. लोड मोठा असेल तर सेन्सरने फक्त काँटॅक्टर (मोठा लोड पेलणारा स्विच) चालवावा आणि माळा काँटॅक्टरवर घ्याव्यात. सेन्सर बदलायचे पैसे तिथे खर्च करा.