दोन्ही एकदम मेले? मग दोष त्यांचा नाही

बालाघाट जिल्ह्यातल्या बिरसासारख्या तहसिलीच्या गावी एक कॉम्प्युटर अडला की एकट्या मालकाचं काम अडत नाही. खसऱ्याची नक्कल, समग्र आयडीतली दुरुस्ती, परीक्षेचे फॉर्म आणि हंगामात धान खरेदीचं पंजीयन, सगळं ऑनलाइन सेंटरच्या त्या एका पडद्यावर चालतं. बाहेर माणसं ताटकळत असताना माउसचा बाण जागीच थिजतो, कीबोर्डही दाद देत नाही. मग कुणीतरी निदान करून मोकळा होतो, ‘भाऊ, माउस-कीबोर्ड दोन्ही गेले, नवे आणा.’ बालाघाटहून किंवा गोंदियाहून नवा जोड येतो, लावला जातो, आणि पडदा तसाच ढिम्म.

साधा विचार करा. वस्तू दोन, वायरी दोन. दोन्ही एकाच क्षणी बिघडाव्यात हा योग फार दुर्मीळ. दोन्ही एकदम गप्प झाले तर दोष बहुधा त्या दोघांच्या सामायिक जागेत असतो: यूएसबीचा हब, वायरलेस जोडाचा इवलासा रिसीव्हर, मदरबोर्डवरचा यूएसबी कंट्रोलर किंवा खुद्द विंडोज. पैसे खर्च करायच्या आधी या जागा तपासायच्या.

‘माउसचा लाल दिवा पेटलाय, म्हणजे माउस चांगला आहे’

नाही. यूएसबी २.० च्या वायरीत आत चार तारा असतात. दोन वीज नेतात, पाच व्होल्टची. उरलेल्या दोन माहितीची ने-आण करतात. दिवा पेटायला पहिल्या दोन पुरतात. माहितीची तार तुटली, आणि ती बहुतेकदा माउसच्या मानेपाशी, वायर रोज वाकते तिथेच तुटते, तरी दिवा तेवढ्याच डौलात पेटलेला राहतो. एवढंच काय, पुष्कळ मदरबोर्डवर कॉम्प्युटर बंद केल्यावरही तो पेटलेला असतो. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत बोर्डाला थोडी वीज मिळत राहते. त्या दिव्यावरून फक्त वीज पोचतेय एवढं कळतं.

खरी साक्ष देतो तो कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा. तो कीबोर्ड स्वतःच्या मर्जीने लावत नाही. तुम्ही कळ दाबता, खबर कॉम्प्युटरकडे जाते, विंडोज ती वाचतं आणि ‘दिवा लाव’ असा हुकूम उलट पाठवतं, तेव्हा तो पेटतो. म्हणजे कळ दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल तर कीबोर्ड, वायर, पोर्ट आणि विंडोज, चौघेही जागे आहेत. अडकलाय तो फक्त समोरचा प्रोग्रॅम. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तेवढाच प्रोग्रॅम बंद करा. दिवा हललाच नाही तर मात्र पुढे चला.

‘दोन्ही बंद म्हणजे कॉम्प्युटर हँग झाला, बटण दाबून धरा’

घाई करू नका. आधी पडद्यावरचं घड्याळ बघा. मिनिट पुढे सरकतंय? मग आत सगळं चालू आहे, फक्त तुमचं म्हणणं आत पोचत नाही. आता पॉवरचं बटण एकदाच, हलकेच दाबून सोडा. बहुतेक डेस्कटॉपवर या दाबण्याचा अर्थ ‘नीट बंद हो’ असा असतो. कॉम्प्युटर आवराआवर करून बंद व्हायला लागला तर विंडोज जिवंत होतं, मेली होती ती यूएसबीची बाजू. घड्याळ थांबलेलं आणि या बटणालाही उत्तर नाही, तर तो खराच हँग. तेव्हा बटण चार-पाच सेकंद दाबून धरण्यावाचून इलाज नाही. न साठवलेला फॉर्म त्यात जातो, हे अर्जदाराला आधी सांगून ठेवलेलं बरं.

बंद झाल्यावर भिंतीवरचं बटणही बंद करा, वायर काढा, आणि कॅबिनेटचं पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. हा मंत्र-तंत्र वाटतो, पण कारण साधं आहे. बोर्डाला मिळत राहणारी ती थोडीशी वीज यूएसबी कंट्रोलरला अडकलेल्या अवस्थेतच ठेवू शकते. ती पूर्ण निघून गेली की तो कोऱ्या पाटीने सुरू होतो.

शटडाउन करून पुन्हा चालू केलं म्हणजेच रीस्टार्ट, असं जवळजवळ सगळेच धरून चालतात. विंडोज ८ पासून ते खरं राहिलेलं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउनच्या वेळी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. बिघडलेला ड्रायव्हर बिघडलेलाच उठतो. रीस्टार्ट मात्र सगळं नव्याने भरतो. म्हणून ‘रोज रात्री बंद करतो, तरी त्रास आहेच’ म्हणणाऱ्याला रीस्टार्ट करायला सांगावं.

सेंटरवरचा नेहमीचा गुन्हेगार वेगळाच असतो. एका स्वस्त हबमध्ये अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, पेन ड्राइव्ह, माउस आणि कीबोर्ड, सगळे कोंबलेले. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर वीज देतं, आणि स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबला तेवढ्यातच सगळ्यांना वाटून द्यायची असते. कुणी एकाने जास्त ओढली की सगळेच उपाशी. माउस आणि कीबोर्ड कॅबिनेटच्या मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात लावा. हब बाकीच्यांसाठी, आणि तोही अडॅप्टरवाला. पुढच्या पोर्टांवर फार विसंबू नये, ती आत एका लांब वायरीने जोडलेली असतात आणि ती सैल होते.

वायरलेस जोडात दोघांचा रिसीव्हर बहुधा एकच, त्यामुळे तो रुसला की दोघेही जातात. सेल बदलून उपयोग झाला नाही तर रिसीव्हर कुठे लावलाय ते बघा. यूएसबी ३.० च्या पोर्टातून आणि वायरीतून निघणारा गोंगाट वायरलेस माउसच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून प्रसिद्ध केलंय. त्या निळ्या पोर्टातून काढून दुसरीकडे लावल्यावर माउस सुधारला, तर त्यात नवल नाही.

जुन्या मशीनची गोल पिन, म्हणजे पीएस/२, आयबीएमने १९८७ मध्ये आणली. जांभळी कीबोर्डची, हिरवी माउसची. दोन्हींचा आकार तोच, त्यामुळे झाडलोट करताना निघालेल्या पिना उलटसुलट लागतात आणि दोन्ही एकदम बंद. शिवाय ही पिन चालू मशीनमध्ये लावायची नसते. मशीन बंद करा, लावा, मग सुरू करा.

फक्त कीबोर्डच गेला आणि माउस ठणठणीत असेल, तर कळफलकावर फाइल ठेवली होती का ते विचारा. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबली गेली की विंडोज ‘फिल्टर कीज’ चालू करू का असं विचारतं. घाईत कुणी ‘येस’ दाबतं, आणि मग झटकन दाबलेली प्रत्येक कळ वाया जाते. कळ थोडी दाबून धरल्यावर अक्षर उमटत असेल तर हेच झालंय. पुन्हा उजवी शिफ्ट आठ सेकंद धरा.

व्हायरसवर संशय घ्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी घ्या. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या हातून काय होऊ शकतं ते १४ ऑक्टोबर २०२५ ला दिसलं. त्या दिवशी विंडोज १० चा मोफत आधार संपला, आणि त्याच दिवशी आलेल्या विंडोज ११ च्या अपडेटनंतर दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर यूएसबी माउस-कीबोर्ड चालेनासे झाले. नेहमीच्या कामात ते नीट चालत होते. २० ऑक्टोबरला वेगळं अपडेट देऊन ते निस्तरलं. २०१५ नंतरच्या कितीतरी मदरबोर्डवर जुन्या डिस्कवरून विंडोज ७ टाकताना पहिल्याच पडद्यावर दोन्ही बंद पडायचे, तेही यासाठीच की त्या डिस्कमध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हरच नव्हता.

सीपीयू उचलून बालाघाटच्या किंवा गोंदियाच्या बसमध्ये चढवण्याआधी शेवटची तपासणी: मशीन सुरू होताच डिलीट किंवा एफ२ (कंपनीनुसार कळ बदलते) पुन्हा पुन्हा दाबा. विंडोजच्या आधीचा, बायॉसचा पडदा आला आणि बाणांच्या कळांनी तिथे वर-खाली जाता आलं, तर कीबोर्ड आणि ते पोर्ट ठीक आहेत. दोष विंडोजमध्ये आहे आणि तो गावातच निघेल. बायॉसही आलं नाही तर शेजारच्या दुकानातला एक वायरवाला कीबोर्ड मागच्या पोर्टात लावून बघा. तोही गप्प राहिला, तर सीपीयू न्या.