मण्याच्या आत

आमच्या घरात फवारणीची वही माझ्याकडे असते. तारीख, औषध, प्रमाण, काढणीला उरलेले दिवस, सगळं त्यात. निफाडला लग्न होऊन आले तेव्हा ती सासूबाईंच्या दुधाच्या हिशेबाची वही होती. एका साली निर्यातीच्या द्राक्षांचं सॅम्पल फेल झालं, आणि जे औषध सापडलं ते वहीत नव्हतंच. शेजारच्या बांधावरून उडून आलं, की विकतच्या टॉनिकातून आलं, अजून उलगडलेलं नाही. माल लोकलला गेला. दर ऐकून मालक दोन दिवस बागेकडे फिरकले नाहीत.

मालात उरणाऱ्या एखाद्या औषधाच्या अंशाची वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर युरोप किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतो. म्हणजे १०० टन द्राक्षांत एक ग्रॅम! २०१० साली सीसीसी या वाढरोधकाच्या अंशामुळे आपल्याकडचे कंटेनर तिकडे अडकले, तेव्हापासून ही आकडेमोड आमच्या भागात बायकाही करतात.

आंतरप्रवाही औषध मण्याच्या आत मुरतं, ते नळाखाली धुऊन जात नाही. मग आतच राहणाऱ्या कुणाला कामाला लावलं तर? वेलीच्या आत जिवाणू नांदतात हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. नवी मुळी फुटताना जिथं साल चिरते तिथून, किंवा पानांच्या रंध्रांतून ते शिरतात आणि पेशींमधल्या फटींत मुक्काम ठोकतात. वेलीला त्यांचा त्रास नाही. उलट काही जण बुरशीला थोपवतात, घरभाडं दिल्यासारखं.

पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी द्राक्षवेलीतूनच बॅसिलस सबटिलिसचे स्ट्रेन वेगळे काढले. रोगांवर चालणारे हे स्ट्रेन त्यांनी कीटकनाशक प्रोफेनोफॉस आणि बुरशीनाशक कार्बेन्डाझिमवर तपासले. २०१३ आणि २०१४ साली ते काम छापून आलं. जिवाणू सोडल्यावर औषध लवकर मोडत होतं. त्यांची विकरं औषधाच्या रेणूचा सांधा तोडतात. या जिवाणूला टणक बीजाणू धरता येतात, म्हणून तो पुडीत, बाटलीत टिकतो.

पण हा साबण नव्हे. कार्बेन्डाझिम खाणारा जिवाणू फवारणीपाठोपाठ सोडला, तर औषध रोगावर चालण्याआधीच खाल्लं जाईल, पैसे पाण्यात. रेणू मोडला म्हणजे संपलं असंही नाही. प्रोफेनोफॉसचा एक तुकडा फिनॉलचा असतो, तोही तपासावा लागतो. आणि मोरचूदातलं तांबं तर कुणीच खात नाही. ते मूलद्रव्य, मोडणार काय? हे दुकानदार सांगत नाहीत, म्हणून इथं लिहिते.

काढणीआधीचे दिवस मी अजूनही बोटांवर मोजते. जिवाणूंसाठी वहीत एक रकाना वाढवलाय, इतकंच. तुम्ही बाटली घ्याल तेव्हा नुसतं ‘बॅसिलस’ वाचून पैसे काढू नका. स्ट्रेन कोणता आणि तो कुठल्या औषधावर, कुठल्या पिकात तपासलाय, एवढं विचारा.